डोंगरवाटा आणि वही

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत आमच्या पदभ्रमण गटातर्फे वाचलेल्या भाषणाचा मजकूर)

 

कार्यकारिणीने आम्हाला विषय दिला तो 'डोंगरातली लांबची पायपीट आणि लेखन'. आमचा गट सात जणांचा. हे टिपण सातांनी मिळून केलं आहे. वाचणारा आवाज एकाचा असला तरी बोलणं सगळ्यांचं, म्हणून जिथे तिथे 'आम्ही' येईल. त्यात राजेशाही थाट वाटला तर तो व्याकरणाचा समजावा, आमचा नव्हे.

सुरुवात आपल्या बडोद्यातूनच करतो. १९१० च्या सुमारास इथे गंगनाथ भारतीय सर्व विद्यालय नावाची एक राष्ट्रीय शाळा होती. बॅरिस्टर केशवराव देशपांड्यांची. नर्मदाकाठी चांदोदजवळच्या गंगनाथाला ती सुरू झाली आणि पुढे शहरात आली. शाळा घरासारखी वाटावी म्हणून तिथे शिक्षकांना नात्याने हाक मारायची पद्धत होती. विठ्ठल लक्ष्मण फडके तिथे मामा झाले, तेच पुढे गोध्र्याचे मामासाहेब फडके. हरिहर शर्मा अण्णा झाले. आणि बेळगावकडून आलेले दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर झाले काका. साऱ्या देशाने ज्यांना पुढे काकासाहेब म्हटलं, त्यांचं हे काकापण बडोद्याचं आहे. आपल्यातल्या किती घरांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. आपली मुलं गुजराती माध्यमात शिकली तेव्हा त्यांनी काकासाहेबांचे धडे गुजराती लेखक म्हणूनच वाचले, आणि आडनावावरून एखाद्यानेच घरी विचारलं असेल, हे आपले का?

१९११ साली इंग्रज सरकारच्या दडपणामुळे ती शाळा बंद पडली. १९१२ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, काकासाहेब हिमालयाकडे निघाले. सोबत अनंतबुवा मर्ढेकर होते आणि पुढे स्वामी आनंद येऊन मिळाले. स्वामी जन्माने गुजराती, पण मुंबईत मराठी मंडळींत वावरलेले आणि टिळकांच्या वर्तुळातल्या 'राष्ट्रमत'शी संबंध आलेले. रेल्वे तेव्हा डोंगराच्या पायथ्यापर्यंतच. त्यापुढे यमुनोत्री, गंगोत्री, केदार, बदरी हे सगळं पायी. आमच्यातल्या बायकांनी ही हकीकत ऐकल्याबरोबर पहिला प्रश्न केला, घरी कोण होतं? घरी संसार होता, पत्नी होती. हा प्रश्न प्रवासवर्णनांच्या प्रस्तावनांत सहसा येत नाही. तो इथे नोंदवून पुढे जातो, कारण घरी कोण होतं या गोष्टीकडे आम्हाला नंतर परत यायचं आहे.

काकासाहेब लिहायला गेले नव्हते. शाळा गेली होती, देशाचं काम कोणत्या वाटेने करायचं हे कळेनासं झालं होतं, मन वैराग्याकडे ओढत होतं. साधना करावी म्हणून गेले. 'हिमालयातील प्रवास' हे पुस्तक आज आपण हातात घेतो ते त्या चालण्यानंतर सहा-सात वर्षांनी लिहिलं गेलं, साबरमतीच्या आश्रमात, तिथल्या हस्तलिखित मासिकासाठी. आणि ते लिहिलं गुजरातीत. मराठीत ते नंतर आलं.

ही सहा-सात वर्षं हाच आमच्या बोलण्याचा गाभा आहे.

चालता चालता लिहावं, संध्याकाळी मुक्कामी पोचून दिवसाची हकीकत उतरवावी, असं घरी बसून फार सोपं वाटतं. आम्हीही दरवेळी नवी वही घेऊन निघतो. पावागढला किंवा गिरनारला ते जमतंसुद्धा, कारण दुसऱ्या दिवशी घरची आंघोळ असते. पण दहा-बारा दिवसांची वाट असली की चौथ्या दिवसापासून वही सॅकच्या तळाशी जाते. आळस हे त्याचं कारण नव्हे. नऊ-दहा तास चालल्यावर माणसाचं लक्ष फार थोड्या गोष्टींवर उरतं. टाचेवरचा फोड, उद्याचं पाणी, मोजे वाळले की नाही. तीन हजार मीटरच्या वर गेलं की भूक मरते आणि झोप तुटक होते. थंडीत बॉलपेनची शाई उतरत नाही (पेन्सिल न्यावी, हा या भाषणातला एकमेव व्यवहारी सल्ला). बोटं आखडलेली असतात. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी सांगण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही. समोर बर्फाचं शिखर असतं आणि मनात येतं ते इतकंच, की चहा कधी मिळेल.

जुन्या यात्रेकरूंची दिनचर्याही काही निराळी नव्हती. बदरी-केदारच्या वाटेवर दर दोन-चार मैलांवर चट्टी असायची. चट्टी म्हणजे एक दुकान आणि त्याला लागून पडवी. दुकानदाराकडून पीठ, डाळ, तूप विकत घ्यायचं, आणि त्याबद्दल पडवीत पथारी टाकायला जागा अन् रांधायला भांडी मिळायची, त्याचे वेगळे पैसे नसत. पोचायचं, चूल पेटवायची, जेवायचं, भांडी घासून परत द्यायची, झोपायचं आणि पहाटे उठून पुढची चट्टी गाठायची. यात लिहिणं कुठे बसणार?

मग लिहिणारे चालणारे लिहितात कधी? थांबल्यावर. हे उत्तर फार साधं आहे, पण आपल्या परंपरेत त्याची पक्की व्यवस्था लावून ठेवलेली आहे, ती आमच्या ध्यानात उशिरा आली. गरुडेश्वरला आपण सगळे जातो. तिथल्या समाधीतले वासुदेवानंद सरस्वती, आपले टेंबेस्वामी, माणगावचे. संन्यास घेतल्यावर १९१४ पर्यंत दोन तपांच्या आसपास देशभर पायी हिंडले, वाहनात बसले नाहीत. त्यांचं संस्कृत आणि मराठी लेखन मांडून ठेवलं तर कपाट भरेल. इतकं चालणाऱ्या माणसाने इतकं लिहिलं कधी? तर संन्याशाला चातुर्मासात हिंडायचं नसतं. आठ महिने पाय, चार महिने बैठक. नर्मदा परिक्रमेलाही तोच नियम, चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी राहतो. पावसात नद्या ओलांडू नयेत, पायाखाली जीव चिरडू नयेत, ही त्यामागची कारणं खरी. लिहिणाऱ्याला मात्र त्यातून आयतं टेबल मिळालं.

काकासाहेबांचा चातुर्मास सरकारने ठरवून दिला. साबरमतीच्या तुरुंगातून 'ओतराती दीवालो' आलं, बेळगावच्या हिंडलगा तुरुंगातून 'हिंडलग्याचा प्रसाद' आलं, आणि हे दुसरं मराठीत आहे हे मुद्दाम सांगायला हवं. १९३० मध्ये येरवड्याला ते गांधीजींबरोबर होते, तिथे त्यांनी गांधीजींना ताऱ्यांचं वेड लावलं. हे तारे त्यांनी पाहिले होते उघड्या वाटांवर, आणि दाखवले तुरुंगाच्या अंगणातून.

गो. नी. दांडेकर आपल्या सर्वांच्या वाचनातले. तेराव्या वर्षी शाळा सोडून घराबाहेर पडलेला हा मुलगा गाडगे महाराजांबरोबर राहिला, आळंदीला ज्ञानेश्वरी शिकला, नर्मदेची परिक्रमा करून आला. ती परिक्रमा 'कुण्या एकाची भ्रमणगाथा' होऊन आली, पण ती पुष्कळ नंतर, तळेगावला घर झाल्यावर. गडकोटांचंही तसंच. आमच्यात यावरून वाद आहे, तोही सांगून टाकतो. काकासाहेबांचा डोंगर संस्कृतीने भरलेला असतो. वळणावर एखादा ऋषी भेटतो, झऱ्यापाशी एखादं उपनिषद. आमच्यातल्या तिघांना ते फार आवडतं. बाकीच्यांचं म्हणणं असं की गोनीदांच्या डोंगरात माणसं राहतात. राजमाचीला जाऊन राहिलेला बुधा असो की पवनाकाठचा धोंडी, गडाच्या पायथ्याशी ज्याच्या पडवीत आपण पाणी प्यायलो त्याला तिथे नाव आहे, घर आहे, अडचणी आहेत. पायी चालणाऱ्याला डोंगर दिसतो तो पुष्कळदा अशा पडवीतून दिसतो. हा वाद पंवालीच्या चढावर सुरू झाला आणि अजून मिटलेला नाही.

आणखी एक उदाहरण फार जुनं. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये यज्ञाच्या दक्षिणेसाठी घरून निघाले, विंध्य-सातपुडा पायी ओलांडून बंडाच्या ऐन धामधुमीत सापडले, ग्वाल्हेर पाहिलं, झाशी पाहिली, आणि हाती फारसं काही न लागता परत आले. 'माझा प्रवास' त्यांनी लिहिला तो पंचवीसेक वर्षांनी. छापला गेला १९०७ मध्ये. तो लिहिला गेला कारण चिंतामण विनायक वैद्यांनी त्यांना सांगितलं, भटजी, हे लिहून काढा.

इथे थांबण्याच्या जोडीला दुसरी गोष्ट येते. नुसतं थांबून भागत नाही, कोणीतरी विचारावं लागतं. गोडसे भटजींना वैद्यांनी विचारलं. काकासाहेबांसमोर आश्रमातली मंडळी होती, हस्तलिखिताची तारीख होती. ती मंडळी गुजराती, म्हणून पुस्तक गुजराती. याची आपल्या लोकांना कधी कधी हळहळ वाटते, की आपला माणूस त्यांच्याकडे गेला. आम्हाला तसं वाटत नाही. गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटलं, गुजरातीच्या शुद्धलेखनाचा जोडणीकोश करणाऱ्यांत हा मराठी माणूस होता, यात आपल्याला उणेपणा कसला? ज्याने विचारलं त्याच्या भाषेत उत्तर दिलं गेलं, इतकीच ती गोष्ट आहे. पण मग प्रश्न असा पडतो, की आज आपल्या घरांतून दरवर्षी मुलं-मुली हिमालयात जातात, मनालीला जातात, उत्तराखंडला जातात, चांगली दहा-दहा दिवस चालून येतात. त्यांना मराठीतून कोण विचारतं?

आता आमच्या दादांबद्दल सांगायला हवं.

दादा आमच्या गटातले सर्वांत ज्येष्ठ. खरं म्हणजे गट त्यांनीच जमवला. रेल्वेच्या हिशेब खात्यात आयुष्य गेलं. बोलणं कमी, चालणं अखंड. गेल्या हिवाळ्यात ते गेले. तेरावा झाल्यावर वहिनींनी आम्हाला बोलावून एक बुटाचं खोकं हातात दिलं. त्यात अठरा छोट्या डायऱ्या होत्या, दिवाळीला दुकानदार वाटतात तसल्या, खिशात मावणाऱ्या. आम्ही त्यांना चालताना डायरी काढताना शेकडो वेळा पाहिलं होतं. आमच्यातला लेखक तोच, असं आम्ही आपसांत म्हणत असू. खोकं घेऊन आम्ही एका ओटल्यावर बसलो आणि पहिली डायरी उघडली.

एकही वाक्य नाही. आकडे आहेत. निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, अंतर, खर्च. 'घुत्तू ६-१०. पंवाली ४-४०. चहा ५. ध. परत १.' एवढा एक दिवस. गिरनारला ते पाच वेळा गेले, पाचही वेळा पायऱ्या मोजल्या, पाचही आकडे वेगळे आहेत, आणि प्रत्येक आकड्याखाली हिशेबनिसाच्या सवयीने दोन रेघा मारलेल्या आहेत. अठरा डायऱ्यांत मिळून आम्हाला क्रियापद सापडलं ते एकच. सुरुवातीच्या एका डायरीत 'शूलपाणेश्वर. स्नान. दक्षिणा १.' अशी नोंद आहे. धरणाचं पाणी चढल्यावर जुनं देऊळ बुडालं आणि गोऱ्याला नवं बांधलं, हे आपल्याला माहीतच आहे. पुढच्या एका डायरीत दादांनी लिहिलं आहे, 'गोरा. नवं देऊळ. जुनं दिसत नाही.' त्या दिवशीचा खर्च लिहिलेला नाही.

हे सगळं टाकून द्यायचं का? दादांच्या मुलाचं म्हणणं होतं की फोटो काढून ठेवू. फोटो काढून काय होणार? 'ध' म्हणजे धुकं, हे आम्हाला कळतं. आमच्यामागून ते कुणालाच कळणार नाही.

आषाढात आम्ही बसायला सुरुवात केली. दर शनिवारी संध्याकाळी, दादांच्याच घरी. चातुर्मास आपसूकच लागला होता. एकेक ओळ वाचायची, ज्याला जे आठवेल ते त्याने सांगायचं. लिहून घ्यायला दादांची नात बसली. इंग्रजी शाळेत शिकलेली, घरात मराठी बोलणारी, बाहेर गुजराती, आणि देवनागरी हिंदीपुरती. पहिल्या शनिवारी तिचं पान पाहून आम्ही हसलो. सगळं मराठी होतं, पण एकाही अक्षराच्या डोक्यावर रेघ नव्हती. गुजराती वळणाचा हात. तिने ते तसंच चालू ठेवलं आणि आम्हीही दुरुस्त केलं नाही, कारण वेग महत्त्वाचा होता, आमच्यातल्या दोघांची पंच्याहत्तरी उलटलेली आहे. रेघा नंतर मारता येतात.

तिचं मुख्य काम मात्र लिहिण्याचं नव्हतंच. ती विचारायची, "मग?" आम्ही म्हणायचो, घुत्तूहून सकाळी निघालो, चढ फार होता. ती म्हणायची, "फार म्हणजे?" गंगोत्रीहून केदारला जाणारी जुनी पायवाट पंवालीवरून जायची, काकासाहेबांच्या वेळच्या यात्रेकरूंची वाट हीच, असं आम्ही भारावून सांगत असताना तिचा प्रश्न, "पण तुम्ही जेवलात कुठे?" मग आठवायला लागतं. ओकाच्या जंगलात ओल्या लाकडाचा धूर, वर आल्यावर एकाएकी झाडं संपून सुरू झालेलं गवत, म्हशी घेऊन वर आलेल्या लोकांची छानी, तिथल्या बाईने ताकात घातलेलं मीठ. हे आमच्यापैकी एकाच्याही स्वतःच्या वहीत नव्हतं. विचारल्यावर निघालं. एकाने धागा काढायचा, दुसऱ्याने ओढायचा. एकट्याने बसून आमच्यातल्या कुणाला पान भरता आलं नसतं.

घोडं अडलं ते 'परत १' वर. दादा त्या दिवशी एक किलोमीटर मागे गेले होते, हे सगळ्यांना आठवत होतं. कशासाठी, यावर दोन पक्ष झाले. एक पक्ष म्हणाला, धुक्यात आमच्यातल्या एक जण मागे राहिल्या होत्या, त्यांना आणायला. ज्या मागे राहिल्या त्या स्वतः या पक्षात होत्या, तेव्हा पुरावा भक्कम. दुसरा पक्ष म्हणाला, त्या राहिल्या दुसऱ्या दिवशी, मग्गूच्या उतारावर. दादा मागे गेले ते विसरलेली छत्री आणायला. तीन शनिवार यात गेले. नात दोन्ही बाजू लिहून घेत होती.

तिसऱ्या शनिवारी वहिनी आतून चहा घेऊन आल्या. वहिनी आमच्याबरोबर कधीच आल्या नाहीत, गुडघे पहिल्यापासून दुखरे. ट्रे खाली ठेवून म्हणाल्या, "पैसे द्यायला गेले होते. चहाचे पाच तुम्ही प्यायलात आणि सगळ्यांना वाटलं दुसऱ्याने दिले. हिशेब लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं. त्या पोराने परत एक चहा दिला, त्याचे घेतले नाहीत, म्हणून तो सहावा लिहिलेला नाही."

आम्ही सगळे गप्प. तुम्हाला कसं माहीत, असं विचारल्यावर म्हणाल्या, "आल्या दिवशी सांगायचे की. मी मोजे भिजत घालायची, ते तिथे पाटावर बसायचे, मी विचारायची. दुसऱ्या दिवसापासून मग काही बोलायचे नाहीत."

पाच वर्षांच्या चालण्याच्या आठवणी आम्ही दोन महिने डायऱ्यांत शोधत होतो, आणि अठराही डायऱ्यांचा उलगडा स्वयंपाकघरात होता. त्यानंतर बैठकीची जागा बदलली. आम्ही आता स्वयंपाकघराच्या दारात बसतो. वहिनी भाजी निवडता निवडता सांगतात, नात लिहिते, आणि आम्ही, जे प्रत्यक्ष तिथे होतो, फक्त गावांची नावं नीट सांगतो. वहिनींना डोंगर माहीत नाही, पण दादा कोणत्या गोष्टीवर हसले होते ते माहीत आहे. शूलपाणेश्वराच्या त्या ओळीबद्दल त्यांनी इतकंच सांगितलं, की त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि मोजे कोरडे होते. म्हणजे ते पाण्यापर्यंत गेलेच नव्हते, वरूनच परतले. हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नसतं.

काकासाहेबांच्या पुस्तकाबद्दल सुरुवातीला आम्ही बायकांचा जो प्रश्न नोंदवला, घरी कोण होतं, तो या बैठकीतच निघाला होता. वहिनींनीच काढला होता. उत्तर द्यायला आम्ही त्यांना काकासाहेबांचं चरित्र वाचून दाखवलं, आणि ऐकून त्या म्हणाल्या, "बाईने विचारलं असतं तर सहा वर्षं कशाला लागली असती?" यावर आमच्यातल्या काकासाहेब-पक्षाकडे आजतागायत उत्तर नाही.

आतापर्यंत चार डायऱ्या उलगडून झाल्या, वहीची एक्केचाळीस पानं भरली. चौदा डायऱ्या बाकी आहेत. कार्यकारिणीच्या परवानगीने ही वही आणि खोकं आजपासून अनंत चतुर्दशीपर्यंत मंडळाच्या वाचनालयात ठेवत आहोत. अक्षरांवर रेघा नाहीत, पण वाचता येतं. ज्या ओळी आम्हाला आणि वहिनींनाही लागलेल्या नाहीत त्या शेवटच्या पानावर उतरवल्या आहेत, एकंदर बावीस. आपल्यातली बरीच घरं चैत्रात उत्तरवाहिनी परिक्रमेला, कार्तिकात गिरनारच्या लीली परिक्रमेला दादांबरोबर गेलेली आहेत, कुणाला काही आठवलं तर तिथेच खाली लिहावं, नाहीतर येऊन सांगावं, लिहून घ्यायला ती मुलगी संध्याकाळी सहा ते आठ तिथे बसणार आहे. तिलकवाड्याच्या एका ओळीत 'आक्का. पेढे २' असं आहे. वहिनी म्हणतात त्यांच्या माहेरी-सासरी आक्का कुणी नाहीत. या सभागृहात कुणाच्या घरी तिलकवाड्याच्या आक्का असतील तर त्यांनी आज जाताना आम्हाला भेटावं.